सदतिसाव्या लिफ्टपाशी

सदतीसपर्यंत सगळं कसं झरझर गेलं, आणि मग जावईबापू थांबले.

जावईबापू म्हणजे कॉम्प्युटरवर नव्याने आलेला मदतनीस. लिफ्ट-दुरुस्तीच्या त्या ऑफिसात महिनाभर त्याचे इतके लाड चालले होते, की ताईने त्याचं हे नाव ठेवून दिलं होतं. दर सोमवारी दुपारी एकशे चौदा इमारतींना 'लिफ्ट ठीक चालते ना?' असा मेसेज पाठवायचा आणि येईल ते उत्तर नोंदवायचं, हे ताईचं काम. तिच्या वर्षभराच्या नोंदी वाचून तो ते शिकला होता. आज तिने नुसतं शेजारी बसून बघायचं होतं. सगळं सुरळीत पार पडलं, की पुढच्या सोमवारपासून तिची रवानगी तळघरातल्या गोदामात, सुटे भाग मोजायला. तिथे ना खिडकी, ना फोन, ना मोबाइलला रेंज.

"अडकलं की काय?" साहेब उठून तिच्या टेबलापाशी आले.

स्क्रीनवर ओळ उमटली. 'या ठिकाणी दर सोमवारी अकरा मिनिटांचा खंड आढळतो. मी तो पाळत आहे. या वेळेत काय करायचे, हे नोंदीत नाही.'

साहेबांनी ताईकडे पाहिलं.

"काय करता हो तुम्ही अकरा मिनिटं?"

"फोन करते."

"मग नोंद का नाही?"

"त्याला काम कोण म्हणणार, साहेब?"

सदतिसावी इमारत सात मजल्यांची, लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. सातव्या मजल्यावर एक मावशी एकटीच राहायच्या. त्यांना दिसत नसे, आणि एवढा जिना उतरणं आता त्यांच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. त्या इमारतीचा मेसेज त्यांच्याच नंबरवर जायचा, पण तो त्या वाचणार कशा? म्हणून ताई फोन लावायची. मावशी लिफ्टपाशी खुर्ची टाकून बसायच्या, बटण दाबायच्या आणि फोन जाळीला टेकवायच्या. तळातून लिफ्ट निघायची. ताई डोळे मिटून ऐकायची. दोरांची गुणगुण, मजल्यामजल्याला एक टक. कुठे काही खरखरलं तर तिला लगेच कळायचं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या मजल्यानंतर ती तपासणी वगैरे विसरूनच जायची. खुर्ची अलगद जमिनीवरून सुटायची. तिसऱ्यावर कुणी पाढे म्हणत असायचं, चौथ्यावर ओल्या कपड्यांचा वास. ती इमारत तिने जन्मात पाहिली नव्हती. वर दार उघडलं, की मावशी विचारायच्या, "पोचलीस का गं?" आणि मग उरलेली मिनिटं गप्पांची.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"चांगलं करता. पण लिफ्टचं काय ते त्यांचा वॉचमन कळवेल आपल्याला. तो खंड काढून टाकायला सांगा."

वाद घालणं ताईच्या स्वभावात नव्हतं. तिने कीबोर्डवर बोटं ठेवली खरी, पण ती काही हलेनात. पुढच्या सोमवारी मावशी खुर्ची टाकून बसणार आणि फोन वाजणारच नाही, एवढंच तिला दिसत होतं. तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"अगं, आज विसरलीस काय?" मावशींचा आवाज असा खणखणीत, की साहेबांनाही ऐकू गेला. "मी आपली कधीची बसलेय इथे!"

"मावशी, आज साहेब उभे आहेत शेजारी."

"मग त्यांनाही घेऊन ये की वर. चारजण मावतात लिफ्टमध्ये!"

ताईने रिसीव्हर साहेबांपुढे धरला. आता नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी तो घेतला आणि ते टेबलाच्या कडेला टेकले. आधी त्यांच्या कपाळाला आठी होती. दोन वेळा त्यांनी घड्याळ पाहिलं. मग घड्याळाचा हात खाली गेला. आठी कधी गेली ते ताईला कळलंसुद्धा नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. साहेबांनी डोळे मिटले होते.

स्क्रीनवर ओळ आली. 'अकरा मिनिटे पूर्ण झाली. पुढे जाऊ?'

ताईने साहेबांकडे पाहिलं. "तो विचारतोय, पुढे जाऊ का."

"थांबायला सांगा त्याला," डोळे न उघडता साहेब हळूच म्हणाले. "आत्ता कुठे पाचवा आलाय."