मेट गेला

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या त्या बंदरात दोस्ताला नावाने कोण हाक मारतो? वॉरिक आणि त्याचा शेजारी बिअर पुढे करताना म्हणायचे ‘मेट’, गळाच्या दोरीचा गुंता झाला की ‘मेऽऽट!’, आणि वॉरिकची आई गेली तेव्हा शेजारी खांद्यावर हात ठेवून नुसतंच म्हणाला होता, ‘मेट’.

आता शेजारीच गेला. त्याला निरोप द्यायला पबमध्ये सगळे जमले, तशी शेजाऱ्याची बायको ग्लेनिस वॉरिकला म्हणाली, “ऊठ रे, चार शब्द तूच बोल.”

वॉरिकला दरदरून घाम फुटला. उभ्या जन्मात दोस्ताचं नाव विचारायचंच राहिलं होतं! त्याने ग्लास उंचावला आणि कसाबसा म्हणाला, “मेट...”

अख्खा पब ढसाढसा रडला.

 

ग्लेनिस डोळे पुसत त्याच्या कानाशी लागली, “बरं झालं बाबा, नाव नाही घेतलंस. कोण गेलं, ते इथे कुणालाच कळलं नसतं.”