राखलेलं रान

पडलेल्या ओंडक्यावर शेवाळ बोटभर वाढलं होतं. मिशिगनच्या आमच्या रानात दर वसंतात ग्राऊस या रानकोंबडीसारख्या पक्ष्याचा नर इथेच उभा राहून पंख बडवायचा, तेव्हा ही जागा त्याच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेली असायची. आता आसपास ना शीट, ना पीस.

“काय म्हणतात शास्त्रज्ञ बाईसाहेब?” बाबांनी विचारलं.

“तेच. त्याला कोवळं, दाट रान लागतं. जुनी झाडं तोडल्यावर उगवतं ते.”

“त्याच्यासाठीच तर चाळीस वर्षं इथे कुणाला कुऱ्हाड लावू दिली नाही मी.”

“हो, बाबा.”

“आता तोडलं तर?”

“दहाएक वर्षांनी येईल. जवळपास एखादा उरला असेल तर.”

ब्याऐंशी वर्षांचे बाबा हळूच ओंडक्यावर टेकले.

“बर्फ पडला की त्या लाकूडतोड्या ऊर्होला करवत घेऊन यायला सांग.”