शेजारचा पाय

जुन्या गाडीचे पुढचे ड्रम ब्रेक काढून हलक्या दाबाने लागणारे, बूस्टरवाले डिस्क ब्रेक बसवायला काकांनी सांगितलं, तेव्हा मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "काका, ड्रम अजून ठणठणीत आहेत. गाडीचा मूळचा बाज कशाला बिघडवताय?"

"हिचा उजवा गुडघा कामातून गेलाय. डॉक्टरांनी पायाला जोर द्यायला मनाई केलीय."

"असं होय! म्हणजे काकू चालवतात गाडी?"

"छे! शेजारी बसते." काकांनी शेजारच्या सीटपुढची रबरी चटई दाखवली. तिला पावलाएवढं भोक पडलं होतं आणि खालचा पत्रा घासून लखलखत होता. "तीस वर्षं तिथून ब्रेक दाबतेय."

मिस्त्रींनी जॅक लावून चाकं उतरवली.

चौथ्या दिवशी काका काकूंना घेऊन निघाले. पहिल्याच सिग्नलला गाडी फांदीवर पाखरू टेकावं तशी अलगद थांबली. काकांनी हळूच शेजारी पाहिलं. पाय चटईवरच होता. चेहरा मात्र खुलला होता.

"अहो, मिस्त्रींच्या हाताला गुण आहे हो," काकू म्हणाल्या. "आता नुसता अंगठा टेकवला तरी थांबते!"