चेष्टा जारी है

नळ आठवडाभर कोरडा होता आणि पाण्याच्या तक्रारीची वेबसाइट उघडली की गोठायची. ती वेबसाइट अंबिकाबाईंच्या मुलानेच, निशांतने, बनवलेली.

"जिवंत आहे की मेलंय, एवढं तरी कळू दे की तुझ्या पेजचं," त्या कडाडल्या.

निशांतने रविवारी बसून ते दुरुस्त केलं. "आई, आधी ते सगळ्या जुन्या तक्रारी एका दमात तपासायचं, म्हणून मध्ये कुणाला ओ देत नव्हतं. आता थोडं काम करतं, तुझं ऐकतं, परत कामाला लागतं. दाबून तो देखो."

अंबिकाबाईंनी बटण दाबलं. पेजने लगेच ओ दिली: 'आपकी समस्या के समाधान की चेष्टा जारी है.'

"चेष्टा?" त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं.

"चेष्टा मतलब प्रयत्न, आई. हिंदीत लिहिलंय ते."

"अख्खा जन्म झाशीत गेला माझा, मला हिंदी शिकवू नकोस." त्यांनी रिकामी बादली त्याच्या पायाशी आदळली. "पण हा शब्द मराठीतच खरा आहे."