पोफळीच्या बागेतली हाक

बस लेकी, पाय पसर, बांबूचा माचा मोडत नाही. वही घेऊन सुरुंगांचं विचारायला आलीस ना? सांगतो. पण आधी तामला म्हाताऱ्याची गोष्ट ऐकावी लागेल. लांबड लावत नाही. पण पुरी ऐकल्याशिवाय उठायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

तर, तामलाच्या नातीनं बोलणं टाकलं होतं. पॉवा तिचं नाव, वय सात. आई थायलंडात कारखान्यात कपडे शिवते. पोर इथं बापाजवळ. बर्मी लष्करानं टेकडीवर तळ ठोकला, तोफा डागल्या, तेव्हा सगळं गाव वरच्या रानात पळालं. दोन पावसाळे तिथंच काढले. मग लष्कर उठून गेलं, गाव खाली परत आलं. कुणीतरी पॉवाच्या बापाला म्हणालं, "पोफळीची बाग मोकळी आहे आता, जा बिनधास्त." सुपाऱ्या गळून कुजायला लागल्या होत्या. बाप पाटी घेऊन गेला. पॉवा मागं मागं, दहा पावलांवर.

सुरुंग फुटला. बाप गेला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून तोंडातून शब्द नाही.

आता तू म्हणशील, नाही बोलली तर नाही बोलली, जिवंत आहे ना. अगं, इथं अजून लष्कराचं विमान आलं की पोरं एकमेकांना हाका मारत खड्ड्यात शिरतात. एकदा पॉवाचा पाय वेलीत अडकला. तिला ओरडता येईना. बॉम्ब पलीकडच्या शेतात पडला म्हणून वाचली. दर खेपेला पलीकडंच पडेल असं थोडंच आहे?

पोरीच्या आईची आई मूखी. बाईच्या जिभेला हाड नाही. ती तामलाला म्हणाली, "व्याही, पोरीचा जीव बागेत राहिलाय. भिऊन पळालेला जीव हाक मारल्याशिवाय येत नाही. तुम्ही जा."

"मीच का?"

"बापाकडचं माणूस लागतं. बाप नाही, तर आजा. आणि तुमच्या मांड्यांवर ते गोंदण आहे ना? गोळी लागत नाही म्हणून मिरवत होतात. मिरवा आता."

"दारूच्या भरात म्हणालो असेन, विहीणबाई."

"मग पाजू का थोडी?"

लोक हसले. लोकांना हसायला काहीतरी लागतंच.

तामलानं भाताचा गोळा घेतला, केळं घेतलं, उसाचं कांडं आणि पांढरा दोरा घेतला. मूखी बागेकडच्या पडक्या घराच्या शिडीवर लाकडी पळी आपटत बसली, जिवाला घरची वाट कळावी म्हणून. टक, टक, टक.

म्हातारा आत शिरला. एक पोफळ डावीकडं टाकली, दोन सोडल्या, मग उजवीकडं वळला. ओढ्याच्या बाजूला तर फिरकलाच नाही.

"सरळ चाला की, व्याही! वरातीत नाचताय का?" मूखी ओरडली.

पण बघायला आलेले मागं सरकले. "गोंदण वाट दाखवतंय बरं का," एकजण पुटपुटला.

सुरुंग फुटला होता त्या खड्ड्यापाशी तामला गुडघ्यावर बसला. भात ठेवला. "पॉवाच्या जिवा, चल. लष्कराला भिऊन पळालास ना? लष्कर गेलं. घरी भात शिजलाय, चल."

परत येऊन त्यानं पोरीच्या मनगटाला दोरा बांधला. पोरीनं दोऱ्याकडं बघितलं, आज्याकडं बघितलं. बस.

महिन्यानं पुन्हा गेला. काही नाही. तिसऱ्यांदा गेला. परत आला तेव्हा मूखी शिडीवर तशीच बसली होती. या खेपेला टोमणा नाही, काही नाही. बाईसुद्धा थकली होती.

"व्याही, हाक मारताना नाव कुणाचं घेता?"

"लष्कराचं. दुसरं कुणाचं घेणार?"

"मग ते खोटं असणार. आमच्या घराण्यात असंच शिकवलंय. जीव ज्याला भ्याला त्याचं खरं नाव घ्यायचं. खोटं बोलणाऱ्याच्या मागं जीव येत नाही."

"सुरुंगाला काय नाव असतं, विहीणबाई?"

"पुरणाऱ्याला असतं."

 तामलानं पानाची पिंक टाकली आणि पाय धुवायला गेला. त्यानंतर जेवायला बसला की घास हातातच राहायचा. पॉवा समोर बसून त्या हाताकडं बघत राहायची.

आता ऐक, लेकी. लष्करानं त्या बागेत कधी पाय ठेवलाच नाही. ठेवू नये म्हणून तर सुरुंग पुरले होते. एकोणीस. पुरणारा आपल्यातलाच. आपल्याच बंदूकवाल्या पोरांनी आणून दिले, कुणाला सांगू नको म्हणाले. लष्कर गेल्यावर त्यानं गुपचूप सतरा काढले. अंगात हिवताप होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याला वाटलं, सगळे निघाले. आणि पोटच्या पोराला म्हणाला, जा बिनधास्त.

अठरावा पोराला सापडला. एकोणिसावा अजून तिथंच आहे, ओढ्याच्या बाजूला कुठंतरी. चल म्हणशील तेव्हा येतो दाखवायला.

पण त्याआधी एक काम कर. मला लिहिता येत नाही, आणि ते नाव माझ्या तोंडातून निघत नाही, मूखीनं सांगितल्यापासून तीनदा करून बघितलं. तू लिही: पुरणारा, तामला. लिहिलंस? आता मोठ्यानं वाच. नात कुडापलीकडं बसली आहे.