शेवटच्या बाकाची पाळी

"घंटेआधी पाच मिनिटं उरली, तर वर्ग नुसता बसवून ठेवू नकोस. काहीतरी खेळ घे. पण पहिल्या बाकापासून, शिस्तीत." जुन्या मुख्याध्यापिकांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलेलं बाईंनी नेमासारखं पाळलं होतं.

आज गणित लवकर संपलं, म्हणून गोष्टीची साखळी सुरू झाली. "एक होता राजा," बाई म्हणाल्या. मग प्रत्येकाने एकेक वाक्य जोडायचं. तिसऱ्या बाकापाशी राजा रोजच्यासारखा खड्ड्यात पडला. वर्ग खिदळला.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या मुलीची आई दारात आली. हातात शाळा सोडल्याचा दाखला.

"येते बाई. ह्यांची बदली झाली ना, आजच निघालोय."

"आणि ती कुठंय?"

"खाली टेम्पोत, गाद्यांवर बसलीय. बाईंना भेटून ये म्हटलं, तर म्हणाली, नको, खेळ चालू असेल. माझ्यापर्यंत येतच नाही तो." आई ओशाळून हसली. "रोज विचारायचे, आज काय सांगितलंस गं? तर म्हणायची, आज घंटा झाली. राजाला वर काढायचं वाक्य केव्हाचं तयार आहे म्हणे. मला सांग म्हटलं, तर तेही नाही. बाईंनाच सांगणार. त्या म्हणाल्यात, उद्या तुझी पाळी नक्की."

म्हणाल्या होत्या. एकदा नव्हे, कितीदा तरी. आणि दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा पहिल्या बाकाकडेच जायचं. त्यात कधी खंड पडला नव्हता.

"बाई, आता मी!" चौथ्या बाकावरून आवाज आला.

"थांब, बाळा." बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "टेम्पो किती वेळ थांबेल हो?"

"ड्रायव्हर कुरकुरतोय मघापासून. थांबेल पाच मिनिटं."

बाईंनी मॉनिटरला नुसती खूण केली आणि जिन्याकडे वळल्या. पायऱ्या उतरता उतरता त्या ओठातल्या ओठात गोष्ट जुळवत होत्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं, तर सगळ्या वर्गाची वाक्यं आज त्यांनाच म्हणायची होती.