वहिनीवरचा बोल

"वहिनी, तुझी चूक नव्हती!" चपलासुद्धा न काढता ती थेट आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

वहिनी इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही.

ही तिची धाकटी नणंद. रक्तातल्या पेशींवर संशोधन करून डॉक्टर झालेली, म्हणून घरात तिला 'बिनऔषधाची डॉक्टर' म्हणत. भावाचं पहिलं बाळ सात महिन्यांचं होऊन न्यूमोनियाने गेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात वहिनी त्याला कडेवर घेऊन बाजारात गेली होती. "गर्दीत नेलंस आणि घालवून बसलीस," आई म्हणाली होती. म्हणाली एकदाच, पण ते वाक्य घरात मुक्कामाला राहिलं. भाऊ मूग गिळून बसला. वहिनीने उलटून शब्द काढला नाही.

बाळाची जनुकं ठीक आहेत, असं इस्पितळाने सांगितलं होतं. नणंदेला ते पटलं नाही. भावाला विचारून तिने बाळाच्या रक्ताचा उरलेला नमुना आपल्या प्रयोगशाळेत आणला आणि हातातलं काम सांभाळून त्याचा पिच्छा पुरवला.

"जनुक धड होतं गं," ती आता धापा टाकत सांगू लागली. "पण ते चालू करणारं बटण त्याच्यापासून लांब असतं. तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. पेशी वाढत वाढत एका टप्प्याला आली की ते बटण दाबलं जातं, मग ती जंतूंशी लढायला तयार होते. आपल्या बाळात ते मोडकंच होतं. पेशी कच्च्याच राहिल्या. एक मोडकं बटण दादाकडून आलं, एक तुझ्याकडून. तुम्हा दोघांकडे जोडीचं दुसरं चांगलं आहे, म्हणून तुम्ही धडधाकट."

बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. आई दाराशी आली, चौकटीला टेकली.

"माझी जीभ का नाही झडली त्या दिवशी," एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड लपवून परत फिरली.

नणंदेला वाटलं, आता वहिनी रडेल. मोकळी होईल एकदाची.

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे मी त्याला उंबऱ्याबाहेर काढलंच नसतं, तरी?"

"तरी गेला असता गं. आज ना उद्या. कुठलाही साधा जंतू पुरला असता."

"आणि पुढचं मूल?"

"दर खेपेला तोच धोका, चारात एक. पोटात असतानाच तपासता येतं म्हणा, पण आत्ता तो विषय..."

ती बोलता बोलता थांबली. वहिनीचा हात पोटावर गेला होता.

"तिसरा लागलाय," वहिनी म्हणाली. "बोल माझ्यावर होता ना, तोवर याला कसं जपायचं ते मला ठाऊक होतं."